आकाराम लाइनमन आणि मुका कॉम्प्युटर

आकाराम चौगले टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं होऊन गेली, तरी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत त्यांना कुणी आकारामराव म्हणत नाही. लाइनमन म्हणतात. त्यांनाही तेच आवडतं. पोस्टमन गल्लीत शिरला की पत्र कुणाचंही असो, आकाराम ते आधी आपल्या हातात घेतात, उलटंपालटं करून बघतात आणि मग ज्याचं त्याला नेऊन देतात. दुसऱ्याच्या निरोपात आपलं काहीतरी अडकलेलं असतं, ही खोड चौतीस वर्षांच्या नोकरीनं लावली, ती आता या वयात काय सुटणार.

नोकरी होती ती चालण्याची. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानदारांचे फोन बंद पडले की आकाराम खांबाखांबानं डोंगर चढायचे. कुरुंदवाडला नदीचं पाणी उतरलं की गुडघाभर गाळात उतरून वायरी उपसायचे. खात्यात नवे इंजिनिअर आले, मोजमापाची यंत्रं आली, पण आकारामांची रीत काही बदलली नाही. आधी तक्रारदाराच्या दारात बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं की शेवटचं बोलणं कधी झालं, कुणाशी झालं, आवाज बारीक होत होत गेला की एकदम तुटला. माणसं वैतागायची. फोन दुरुस्त करायला आलाय की सोयरीक जमवायला, असं तोंडावर विचारणारेही भेटले. आकारामांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, ते तिथल्या तिथं दोन शब्द सुनवायचे. पण उत्तर मिळाल्याशिवाय पिशवीतून पक्कड बाहेर निघायची नाही. बिघाड तक्रारीच्या जागी क्वचितच सापडतो, तो वाटेत कुठंतरी मजेत बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं, असं त्यांचं ठाम मत.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. लोकांनी घरातले फोन परत केले, खांबावरच्या तारा निघाल्या, आणि तारांबरोबर आकारामही घरी आले. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. सकाळी उठून कपडे करायचे आणि जायला ठिकाण नाही. कुणाला आपली गरज नाही, हे त्यांना सलत राहायचं. पुढं गल्लीनंच त्यांना कामाला लावलं. मिक्सर, इस्त्री, दारावरची बेल, कॉम्प्युटरचे स्पीकर, जिथं म्हणून तार आहे तिथं आकारामांना बोलावणं यायला लागलं. बिनतारी वस्तूंवर मात्र त्यांचा भारी राग. धरायचं कुठं आणि जायचं कुठवर हेच जिच्यात कळत नाही, ती वस्तू दुरुस्त करायची कशी, असं ते म्हणायचे आणि तसली वस्तू हातातसुद्धा घ्यायचे नाहीत.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी पावणेआठला शेजारच्या शांतादेवी पट्टणशेट्टी भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच त्यांच्या दारात आल्या. शांतादेवी मूळच्या कर्नाटकच्या सीमेकडच्या. घरी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून त्या दुकानांना पुरवतात, आणि आकारामांना पहिल्यापासून आण्णा म्हणतात. थोरला भाऊ या अर्थानं.

"आण्णा, पोरीचा कॉम्प्युटर मुका झालाय. नऊला परीक्षा हाय की."

एवढ्यावर आकारामांना सगळं कळलं, कारण त्या परीक्षेचं गल्लीत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. शांतादेवींची मुलगी पवित्रा सव्वीस वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही. पण एम.ए. झालेली, आणि कॉम्प्युटरवर तिची बोटं अशी चालतात की डोळसांनी तोंडात बोट घालावं. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम आहे, तो पडद्यावरचं सगळं बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. पवित्रा त्याला 'बाई' म्हणते. बाई सांगणार, पवित्रा ऐकणार, मग पुढचं बटण दाबणार. बाई गप्प झाली की पवित्रापुढचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा.

परीक्षा होती पुण्याच्या एका कंपनीची. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर लिहून पुढं पाठवायच्या, घरी बसून करायचं काम. मोबाइलवरून परीक्षा देता येणार नाही आणि उशिरा येणाऱ्याला बसू दिलं जाणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. याआधी दोन ठिकाणी तिला 'कळवतो' म्हणाले होते आणि कुणी कळवलं नव्हतं. ही तिसरी खेप. इथंही जमलं नाही तर पुन्हा कुठं अर्ज करायचा नाही, अव्वाबरोबर, म्हणजे आईबरोबर, चटणीची पाकिटं बांधत बसायचं, असं तिनं आदल्या रात्री आईला सांगितलं होतं. शांतादेवींनी ते ऐकून घेतलं होतं आणि मग भिंतीकडं तोंड करून त्या जाग्याच पडल्या होत्या.

आकाराम पिशवी घेऊन गेले तेव्हा पवित्रा खुर्चीत ताठ बसली होती. चेहरा शांत, पण बोटं अजून बटणावर बटण दाबत होती. आकाराम पलंगावर टेकले आणि त्यांनी चहा मागितला. शांतादेवींनी अशा नजरेनं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. पण आकारामांनी विचारायला सुरुवात केली, आणि पवित्रानंही न चिडता सांगितलं. ती पाचला उठली तेव्हा बाई झकास बोलत होती. परीक्षेत स्वतःविषयी काय सांगायचं ते पवित्रानं लिहून ठेवलं होतं, ते बाई वाचत होती. सहाच्या सुमाराला बाई एका शब्दाच्या मधेच तुटली. तेव्हापासून पवित्रानं दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कानाला लावायचे फोन जोडून बघितले, आणि बाई बोलते का हे बघायला तेच लिखाण पहिल्यापासून वाचायचा हुकूम तिला पन्नासदा दिला. काही नाही. भाऊ मृत्युंजय या सगळ्यातला जाणकार, पण तो हातकणंगल्याकडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, आणि तिथं मोबाइल दोन वाजेपर्यंत कपाटात ठेवावा लागतो.

शब्दाच्या मधे तुटलं म्हणजे झिजलेलं नाही, कुठंतरी खटकन सुटलं. आकारामांना हुरूप आला. त्यांनी स्पीकरचा दिवा बघितला, लागलेला होता. आवाजाची कळ बघितली, पूर्ण फिरवलेली होती. मग स्पीकरची पिन काढून स्वतःच्या मोबाइलला जोडली, तशी काकडआरती इतक्या जोरात सुरू झाली की शांतादेवींच्या हातातला कप हिंदकळला. म्हणजे स्पीकर धडधाकट. वायर त्यांनी चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, कुठं उंदरानं तोंड लावलेलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीमागं तीन रंगांची तीन भोकं असतात, आणि निम्मं कोल्हापूर पिन चुकीच्या भोकात घालून आकारामांना बोलावतं. इथं ती बरोबर हिरव्यात होती. त्यांनी ती काढून पुसली, फिरवून परत घातली. बाई गप्पच.

राहिला पडदा. त्यातलं आकारामांना ओ की ठो कळत नाही आणि पवित्राला तो दिसत नाही, तेव्हा दोघांनी मिळून एक माणूस केला. ती सांगणार कुठं बघायचं, ते सांगणार काय दिसतं. कर्ण्याच्या चित्रावर फुली आहे का? नाही. आकडा किती? शंभर. आवाज कुठून बाहेर जातो तिथं काय लिहिलंय? आकारामांनी चष्मा वर ढकलून इंग्रजी अक्षरं जुळवली आणि 'स्पीकर' असं वाचलं. पुढं काहीतरी आकडे होते, ते कंपनीचे असणार म्हणून सोडून दिले. त्याच्या बाजूला एक हिरवी पट्टी होती. पवित्रानं बटण दाबलं की ती उड्या मारायची.

"मग काका, बाई बोलतेय," पवित्रा म्हणाली. "मला ऐकू येत नाही एवढंच."

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आकारामांचे हात थांबले. आता हात टेकायची वेळ आली, हे त्यांना कळलं आणि त्यांना खरोखर भीती वाटली. चौतीस वर्षांत त्यांनी हजार लायनी उठवल्या असतील, पण त्यातली एखादी राहिली असती तर कुणाचं आयुष्य अडलं नसतं. हे पोरगं पाकिटं बांधत बसणार, असं शांतादेवी येताना म्हणाल्या होत्या, ते त्यांच्या डोक्यातून जाईना. कॉम्प्युटर म्हणतोय मी बोलतोय, स्पीकर म्हणतोय मला कुणी काही सांगितलंच नाही, आणि मधली तार तर स्वच्छ.

तेव्हा त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. फार वर्षांपूर्वी एका गावात डॉक्टरांची लाइन पिठाच्या गिरणीच्या लायनीला चिकटली होती. दोन दिवस डॉक्टरांचे पेशंट गिरणीवाल्याला आपली दुखणी सांगत होते, आणि तो भला माणूस प्रत्येकाला सुंठ घ्यायला सांगत होता. डॉक्टर म्हणत होते फोन मेलाय. फोन मेला नव्हता, तो भलतीकडं वाजत होता.

"पोरी," आकाराम उठत म्हणाले, "बाई गप बसलेली न्हाय. ती दुसऱ्याच्या घरात बोलाय लागल्या. तू वाचायचा हुकूम देत ऱ्हा. मी ईस्तोवर थांबायचं न्हाय. मी चालत बघतो."

पवित्राला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं बटण दाबलं. जुन्या काळी एक माणूस ऑफिसातून घंटी देत बसायचा आणि दुसरा लाइन चालत जायचा, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथं चालायला लाइनच नव्हती. आकाराम गल्लीत उतरले आणि कान देऊन चालायला लागले. डावीकडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, उजवीकडच्या घरात बातम्या, पुढं कुणीतरी दात घासताना घसा खरवडत होतं. कोपऱ्यावरून ते मागच्या अंगाला वळले. तिथं पैलवानांची तालीम आहे, तिची मागची भिंत आणि शांतादेवींची भिंत एकच, पण ती जुनी, हातभर जाडीची, हलगीशिवाय दुसरं काही पलीकडं जाऊ न देणारी. एरवी या वेळेला तालमीत हलगीचं रेकॉर्डिंग दणाणत असतं. आज हलगी नव्हती. नुसता दम खाल्ल्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या वर एक बाई थंडपणे सांगत होती, "मी कष्टाळू, प्रामाणिक व शिस्तप्रिय आहे."

आकाराम चप्पल काढून आत गेले. आत अकरा पैलवान ओळीत बैठका मारत होते आणि त्यांची तोंडं रडवेली झाली होती. समोर वस्ताद गणपतराव कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्यापुढं दगडावर एक काळा स्पीकर ठेवलेला, आणि बाई त्यातून बोलत होती.

झालं होतं ते असं. तालमीत मोबाइल आणायचा नाही, हा वस्तादांचा नियम. अपवाद फक्त थोरला पैलवान राजवीर, कारण त्याच्या मोबाइलवरून या बिनतारी स्पीकरवर हलगी लागते. राजवीर कालच कुरुंदवाडला कुस्तीच्या मैदानाला गेला होता. सकाळी सहाला कुणीतरी सवयीनं स्पीकर चालू केला, आणि मारुतीच्या तसबिरीखाली बाई बोलायला लागली. कुणीतरी मोबाइल लपवून आणलाय आणि त्यावर सिनेमा लावलाय, अशी वस्तादांची पक्की खात्री झाली. कोण ते सांगा, नाहीतर सगळ्यांनी बैठका. कुणी सांगेना, कारण सांगण्यासारखं कुणाकडं काही नव्हतंच. स्पीकर बंद करतो म्हणणाऱ्याला वस्तादांनी वीस बैठका वाढवून दिल्या. मुद्देमालाला हात लावायचा नाही, गुन्हेगार सापडेपर्यंत तो चालूच राहील. मधे दम खायला सोडून सव्वादोन तास असा न्याय चालला होता.

"लाइनमन, बरं झालं आलासा," वस्ताद म्हणाले. "ही बाई कुणाची?"

"शांतादेवीच्या घरातली हाय," आकाराम म्हणाले, आणि अकराच्या अकरा पैलवान अर्ध्या बैठकीत थांबले.

समजावून सांगायला वेळ नव्हता. आकारामांनी आयुष्यात पहिल्यांदा एक बिनतारी वस्तू उचलली आणि तिचं बटण दाबून धरलं. बाई गप्प झाली. दोन श्वास गेले असतील नसतील, पवित्राची खिडकीतून मारलेली हाक ऐकू आली की काका, आली, बाई आली.

नंतर सगळा उलगडा झाला. शिवजयंतीला मृत्युंजयनं हाच स्पीकर तालमीतून मागून घरी नेऊन पवित्राच्या कॉम्प्युटरला जोडला होता आणि पोवाडे लावले होते. आज राजवीरचा मोबाइल सापडेना, तेव्हा स्पीकरनं जुन्या ओळखीतला दुसरा हात धरला, आणि कॉम्प्युटरनं घरच्यांना सोडून सगळा आवाज शेजाऱ्याला दिला. आकारामांनी सोडून दिलेले ते आकडे म्हणजे याच स्पीकरचं नाव होतं. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना कपाळावर हात मारून घेतला.

पण हे नंतरचं. त्या वेळी नऊला वीस मिनिटं होती आणि वस्तादांनी एक वेगळंच काढलं. ती बाई काय वाचत होती, असं त्यांनी विचारलं. परीक्षेत स्वतःविषयी सांगायचं ते, असं आकारामांनी सांगितल्यावर वस्तादांनी खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि ते तडक शांतादेवींच्या दारात जाऊन उभे राहिले. वस्ताद गणपतराव कुणाच्या दारात जात नाहीत, लोक त्यांच्याकडं येतात. शांतादेवींना काय करावं सुचेना, त्यांनी पीठ लागलेल्या हातानं खुर्ची पुढं केली. वस्ताद बसले नाहीत.

"पोरी, तू तेच तीन तऱ्हंनं लिवलंयस," ते म्हणाले. "सकाळपासनं पन्नासदा आयकलंय आम्ही. पयलं आन् तिसरं सोड. तसलं बोलणारं पावणं उद्घाटनाला लई येत्यात. मधलं सांग."

पवित्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मधलं तिनं स्वतःसाठी लिहिलं होतं, ते पुसायचं राहून गेलं होतं. तिसरं भावानं इंटरनेटवरून काढून दिलं होतं आणि तेच ती सांगणार होती. मधलं तिथं चालणार नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली.

"माझी पोरं बैठका मारताना त्या मधल्यालाच थांबत हुती," वस्ताद म्हणाले. "मी मुद्दाम बोललो न्हाय."

नऊ वाजता दार बंद झालं. उकाड्यामुळं खिडकी उघडी होती. बाहेर ओट्यावर आकाराम आणि वस्ताद, पायरीवर शांतादेवी, आणि भिंतीच्या कडेनं टॉवेल खांद्यावर टाकलेले अकरा पैलवान. वस्तादांनी डोळ्यांनीच बजावलं होतं, त्यामुळं कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. पहिली चाळीस मिनिटं नुसती बटणांची टकटक आणि बाईचं बारीक बोलणं. मग पुण्याच्या बाईंचा आवाज आला. स्वतःविषयी सांगा, असं त्या म्हणाल्या.

"मी कष्टाळू," पवित्रानं सुरुवात केली. वस्तादांनी डोळे मिटून घेतले. आत आवाज थांबला. इतका वेळ थांबला की पुन्हा काहीतरी तुटलं की काय, म्हणून आकाराम अर्धवट उठले.

"मॅडम, मी पुन्हा सुरुवात करते," पवित्रा म्हणाली. आता ती मधलं सांगत होती आणि आवाज वेगळा होता, घरात बोलते तसा. "फोनवर माणूस ओरडतो तेव्हा तो भांडत नसतो. त्याआधी त्याचं कुणी ऐकलेलं नसतं. मला दिसत नाही, त्यामुळं कुणी बोलत असताना मला दुसरीकडं बघता येत नाही. मी नुसतं ऐकते. लहानपणापासून तेच करत आलेय."

पुण्याच्या बाईंनी एखादा प्रसंग सांगा म्हटलं, आणि पवित्रानं आजची सकाळच सांगितली. शेजारचे काका आधी चहा प्यायले, बाई कधी आणि कशी तुटली ते विचारत बसले, आणि मग नसलेली तार चालत गेले. तुमच्याकडं फोन करणाऱ्याला मी अशीच शोधत जाईन, असं ती म्हणाली. तालीम आणि बैठका आल्यावर पुण्याच्या बाई मोठ्यानं हसल्या. हसणं आवरल्यावर त्यांनी विचारलं, त्या काकांचं नाव काय?

"आकाराम बाळू चौगले," पवित्रा म्हणाली. गल्लीत सगळ्यांना सगळ्यांच्या बापाचं नाव ठाऊक असतं. "टेलिफोन खातं. लाइनमन."

ओट्यावर आकाराम जागच्या जागी बसून राहिले. चौतीस वर्षं त्यांनी बारशाचे, लग्नाचे, मयताचे निरोप तारेवरून इकडून तिकडं पोचवले. लोकांची नावं गेली, गावांची गेली. आपलंही नाव कधी जावं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता ते पुण्यात जाऊन पोचलं होतं, तेही बापाला बरोबर घेऊन. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

दार उघडलं. एक तारखेपासून, एवढंच पवित्रा म्हणाली. शांतादेवींनी पोरीला मिठी मारली आणि दोघींच्या अंगावर पीठच पीठ झालं. पैलवानांनी ओरडायला तोंड उघडलं, तसं वस्तादांनी हातानं त्यांना थांबवलं, कारण आकाराम काहीतरी बोलायला ओट्यावरून उठले होते. पवित्रा त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली. घाई न करता, ऐकत.

"आमच्या बानं टेलिफोनच्या खांबाचे खड्डे काढले गं," शेवटी ते म्हणाले. "जलमभर खड्डेच काढले. फोनवर कधी बोलला न्हाय. आज त्येचं नाव तू पार पुण्यापातूर न्हेलंस."